वाटीभर ऐतवार

सड्यावरच्या खोपीनं पहिल्याच सकाळी जयवंतराव खराड्यांची खुर्ची घेतली. घेतली म्हणजे हिसकावून नव्हे, रीतसर विचारून घेतली. ऊन दारातून आत येऊन चुलीवर टेकलं, तसा वर आढ्यातून आवाज आला, "खुर्ची हवी का?"

आवाज शांत होता, वयस्क आणि सुशिक्षित. जयवंतराव त्याच खुर्चीत बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "नको, कशाला उगीच?" आणि लगेच जमिनीवर बसले, कारण खुर्ची नव्हती. चहा सांडला नाही.

चहा संपवून त्यांनी पिशवीतली टेप काढली आणि भिंत मोजली. काल संध्याकाळी बारा फूट भरलेली भिंत आज साडेदहा फूट भरली. खुर्ची दीड फुटाची होती. माप चोख होतं, आणि चोख मापाशी जयवंतराव कधी वाद घालत नसत.

घालतील कसे? तेहतीस वर्षं ते मोजणीदार होते. भाऊ भावाच्या अंगावर धावून जात असताना मधल्या बांधावर टेप धरून उभं राहायचं, आणि दोघांपैकी कुणालाच आवडणार नाही तो आकडा मोठ्यानं वाचायचा, ही त्यांची नोकरी. पंचवीस वर्षांपूर्वी या भैरीच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, ते मोजणीला आले होते, तेव्हा जमिनीच्या दोन गटांच्या मध्ये एक तुकडा उरला. इकडून मोजला तर तो तिकडचा निघे, तिकडून मोजला तर इकडचा. त्यावर एक खोप उभी होती. भिंती दगडी, छप्पर गवताचं, आत कुणी नाही. तीनदा मोजून झाल्यावर त्यांनी नकाशावरची पेन्सिलीची रेघ खोडली आणि वरिष्ठांना सांगितलं, जुळतंय. अख्ख्या नोकरीत केलेली ही एवढीच लबाडी. पण पुढं कधी कचेरीत कटकट झाली, घरात पाहुण्यांचा गोंगाट झाला, की त्यांना तो कुणाचाच नसलेला तुकडा आठवायचा आणि बरं वाटायचं.

निवृत्तीनंतर त्यांनी जाहीर केलं की आता कराड बस्स झालं. वीज नको, फोन नको, टीव्हीवरची भांडणं नकोत. झऱ्याचं पाणी, चूल, कंदील आणि दोन वेळची भाकरी. माणसाला लागतं किती? मुलगी पुण्याहून फोनवर हसली. बायको, शैलाताई, मेथी निवडत होत्या.

आता इथं जयवंतरावांचा एक स्वभाव सांगायला हवा. त्यांना काहीही विचारलं की पहिलं उत्तर 'नको' यायचं. यात जगावेगळं काही नाही, आपल्याकडची ती रीतच आहे. वाढणारा विचारतो, जेवणारा नको म्हणतो आणि पानावर आडवा हात धरतो. वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, आणि दोघंही खूश. नको म्हणणाऱ्याला भूक नसते असं कुठं आहे? आपल्याला पुन्हा विचारतील याची त्याला खात्री असते, एवढंच. जयवंतरावांची ही खात्री शैलाताईंनी चौतीस वर्षं सांभाळली होती. "चहा टाकू?" "नको." "अर्धा?" "नको गं, कशाला उगीच." "टाकते." मग जयवंतराव पूर्ण कप प्यायचे आणि भांड्यात उरलेलाही. शेवटची पोळी, जादा पांघरूण, डॉक्टरकडे जाणं, नवा सदरा, सगळं तीन टप्प्यांत. भीड भिकेची बहीण म्हणतात. खराड्यांच्या घरी ती कायमची राहायलाच होती. शैलाताईंना मात्र कुणी एकदाही काही विचारत नसे. विचारणारी त्याच, त्यांना कोण विचारणार?

निघायच्या दिवशी जयवंतराव दारात बुटाची नाडी बांधत होते. शैलाताई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"मी येऊ का बरोबर?"

"कशाला उगीच? तुझे गुडघे, त्यात तिथली चढण."

जयवंतरावांनी गाठ मारली. मग सोडली. पुन्हा मारली. मान वर न करता ते दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होते. चौतीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

"बरं," शैलाताई म्हणाल्या.

जयवंतराव उंबऱ्याबाहेर पडल्यावर त्या आणखी एवढंच बोलल्या, "संक्रांत झाली की पहिल्या रविवारी येऊन बघून जाईन. राहा म्हणालात, तर राहीन." ते 'बरं' जयवंतरावांनी एसटीत मांडीवर घेतलं, चढणीवर खांद्यावर घेतलं, आणि खोपीत आणून पिशवीशेजारी ठेवलं. ते सामानात सगळ्यांत जड होतं.

खोप रोज विचारायची, ऊन चुलीवर आलं की. आणि एकदाच विचारायची.

"दुसरं ताट हवं का?" नको. "गजराचं घड्याळ?" नको, इथं कुणाला उठायचंय. "आरसा?" नको, दाढीची कटकट गेली. ताट गेलं तेव्हा भिंत बोटभर आत आली, आरसा गेला तेव्हा चार बोटं. जयवंतराव रोज टेप धरायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. पहिला महिनाभर ते खुशीत होते. ज्यासाठी आलो तेच होतंय, असं त्यांना वाटे. झऱ्यावर आंघोळ करावी, नाचणीची भाकरी थापावी, कांदा बुक्कीनं फोडावा, आणि कड्याच्या टोकाला बसून खालच्या धरणाचं पाणी बघावं. एवढ्याशा खोपीला झाडायला पाच मिनिटं पुरत. कराडला असते तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवली असती.

मग खोप दुसरंच काही विचारू लागली. "पावलांचा आवाज हवा का?" जयवंतराव म्हणाले, नको, त्याचं काय करायचंय? त्या दिवसापासून ते वाळक्या गवतावरून चालले तरी गवत वाजेना. चरणाऱ्या शेळ्या त्यांना एकदम समोर बघून दचकायच्या. "शिंक हवी का?" नको. आणि एका सकाळी, "रविवार हवा का?"

जयवंतराव हसले. "निवृत्त माणसाला रविवार काय नि सोमवार काय! नको, कशाला उगीच?"

भिंतीवरच्या कॅलेंडरातले तांबडे आकडे उभ्या ओळीनं निघून गेले आणि कॅलेंडर तेवढं अरुंद झालं. खोप मात्र दीड हात आत आली. रविवार एवढा मोठा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. शैलाताई रविवारी येणार आहेत, हे तेव्हा त्यांच्या लक्षातच आलं नाही. आलं असतं तरी त्यांनी काय केलं असतं, देव जाणे.

पौषातली थंडी सड्यावर उतरली तेव्हा गोधडीची पाळी आली. ती शैलाताईंनी शिवली होती, आपल्याच जुन्या लुगड्यांची. मधला हिरवा तुकडा मुलीच्या बारशातला, कडेची जांभळी पट्टी त्यांच्या आईची. जयवंतराव ती अंगावर घेऊन चुलीपाशी बसले होते.

"गोधडी हवी का?"

त्यांना ती हवी होती. कराडहून आल्यापासून एवढी दुसरी कुठलीच वस्तू त्यांना हवी नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी तिचा काठ मुठीत धरला आणि तोंडातून आलं, "नको, भागतं माझं."

मग ते थांबले. मूठ सोडली नाही. आता विचारील, असं म्हणत बसले. ऊन चुलीवरून सरकलं, भिंतीवर चढलं, भिंतीवरूनही गेलं. आढ्यातून काही आलं नाही. मुठी उघडल्या तेव्हा त्या रिकाम्या होत्या. जयवंतरावांना शैलाताईंची फार आठवण आली आणि ते मोठ्यानं रडले. दुसरं कुणी ऐकायला नव्हतं, त्यामुळं कुणी पाणीही विचारलं नाही. त्या दिवसापासून ते गुडघे पोटाशी घेऊन झोपू लागले. तसंही, पाय पसरण्याइतकी खोप उरली नव्हती.

सड्यावर दोनदा विचारणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे ठकूबाई येडगे. अर्ध्या कोसावर धनगरवाडा होता, तिथून त्या दिवसाआड दूध घेऊन येत. दारात उभ्या राहून म्हणत, "दूध?" जयवंतराव म्हणत, "नको." त्या म्हणत, "असू द्या की," आणि तांब्यात ओतून मोकळ्या होत. संक्रांतीच्या दोन दिवस आधी त्या आल्या, त्या जरा घुश्शातच.

"काल आल्ते म्या. कुटं गेलतासा?"

"काल? काल शनिवार. मी इथंच होतो."

"काल ऐतवार हुता, भाऊसायेब."

जयवंतरावांनी कॅलेंडरकडे पाहिलं. शनिवारनंतर थेट सोमवार होता.

"मग मी कुठं होतो?"

"तुमी न्हवता. खोप बी न्हवती. नुसता कातळ हुता हितं. मग दूध घिऊन माघारी गेले."

ठकूबाईंनी चरवी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून खोपीकडं नीट पाहिलं, ओळखीच्या माणसाकडं पाहावं तसं.

"आमच्या म्हाताऱ्यानं बी असाच ऐतवार दिऊन टाकला हुता," त्या म्हणाल्या. "ऐतवारच्या ऐतवारी म्या भाकरी आणायची आन् कातळावर ठिवून जायची."

"ते इथं राहायचे?"

"ऱ्हायचं की. शेवटाला लई अंग कमी झालं हुतं."

"आजारी होते का?"

"म्हाताऱ्याचं न्हवं. खोपीचं."

"आणि ते?"

"त्ये आपलं मापात बसायचं."

"आता कुठं आहेत?"

"आत असंल की," ठकूबाई म्हणाल्या, आणि चरवी उचलून चालू लागल्या.

जयवंतरावांनी मागं वळून पाहिलं. आत चूल होती, तांब्या होता, भिंतीला कॅलेंडर होतं. बाकी कुणी नव्हतं. पण त्यांना त्या वेळी म्हाताऱ्याची भीती वाटली नाही, भीती वाटली ती वेगळीच. येत्या रविवारी शैलाताई एसटीतून उतरतील. दुखऱ्या गुडघ्यांनी चढण चढतील, निम्म्यावर दोनदा बसतील. वर येऊन बघतील तर नुसता कातळ. हा माणूस इथूनही निघून गेला, असं त्यांना वाटेल. त्या कातळाकडे बघून "बरं" म्हणतील आणि परत जातील. मग त्या पुन्हा कधी विचारणार नाहीत.

जयवंतराव तसेच उठले आणि कराडला जायला निघाले. पूर्वेकडच्या वाटेनं तासभर उतरले, आणि पश्चिमेकडून चढून खोपीच्या मागच्या भिंतीपाशी आले. मग पश्चिमेकडून उतरले, ते पूर्वेच्या दारात. इकडून उतरलं तर तिकडं, तिकडून उतरलं तर इकडं. पंचवीस वर्षांपूर्वी तुकडा असाच वागला होता, त्यामुळं त्यांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. ते कड्याच्या टोकावर जाऊन उभे राहिले आणि सराव करू लागले. "हवी!" ते दरीत ओरडले. "हवं! हवा! हवीत!" एका शेळीनं मान वर केली. धनगरवाड्यावरून एक कुत्रं भुंकलं. घसा बसेपर्यंत जयवंतराव ओरडत राहिले, आणि शब्द जिभेवर बसला अशी त्यांची खात्री झाली.

दुसऱ्या सकाळी आवाज आला, "खिडकी हवी का?"

शब्द तयार होता, तोंडही उघडलं होतं. पण समोरच्यानं एवढ्या अदबीनं विचारल्यावर एकदम 'हवी' म्हणायचं? लोक काय म्हणतील? जयवंतराव म्हणाले, "तुमची अडचण होत असेल तर राहू दे." खिडकी गेली. जित्याची खोड, दुसरं काय.

त्याच्या पुढच्या दिवशी टेप गेली. तिला तर त्यांनी मनापासून नको म्हटलं, कारण आकडा वाचायची आता हिंमत नव्हती. मग कॅलेंडर गेलं. मग चूल गेली. चूल गेल्यावर उन्हाला टेकायला जागा राहिली नाही, म्हणून ते जयवंतरावांच्या छातीवर येऊ लागलं, आणि खोप तेव्हा विचारू लागली. शनिवारी त्यांनी वितीनं मोजलं. रुंदी चार विती, लांबी पाच. बसलं की गुडघे समोरच्या भिंतीला लागत होते, आणि दारातून आडवं होऊन बाहेर पडावं लागत होतं.

त्या दुपारी ठकूबाई आल्या. जयवंतराव दारात डोकं काढून बसले होते.

"उद्या माझी बायको येणार आहे," ते म्हणाले. "उद्या रविवार."

"आन् तुमच्याकडं ऐतवार न्हाई."

"नाही."

"आमच्याकडं हाय. वाटीभर दिऊ का?"

"कशाला उगी–" जयवंतरावांनी जीभ चावली, पण शब्द गेलाच होता. ते खाली बघत बसले.

"घ्या की," ठकूबाई म्हणाल्या. "इरजाण मागत्यात लोकं, मीठ मागत्यात. शेजारधरम हाय."

"द्या," जयवंतराव म्हणाले. उभ्या आयुष्यात दुसऱ्याच विचारण्याला हो म्हणण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

उन्हं कलायच्या आत ठकूबाई पळसाच्या पानानं झाकलेली जर्मनची वाटी घेऊन परत आल्या. ऐतवार पातळ होता, कोमट होता, आणि त्याला मटणाच्या रश्श्याचा आणि दुपारच्या झोपेचा वास येत होता.

"उंबऱ्यावर शिपडा," त्या म्हणाल्या. "वाळंस्तवर ऐतवार. जरा जपून घ्या, हे वारं लई लौकर वाळवतंय."

"वाटी कधी परत देऊ?"

"कवाबी द्या. रिकामी दिऊ नगा म्हंजी झालं."

शनिवार संपायच्या आत जयवंतरावांनी उंबऱ्यावर चार थेंब शिंपडले. उजाडलं ते रविवार होऊन. खालच्या गावातून लाऊडस्पीकरवरचं गाणं वर आलं, कुठंतरी पोरं क्रिकेटमध्ये आउट की नॉट आउट यावरून भांडत होती, आणि जयवंतरावांना लग्नानंतरचे कितीतरी रविवार आठवले. त्या प्रत्येक रविवारी शैलाताई स्वयंपाकघरात होत्या आणि ते बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी बसल्या जागेवरून उंबऱ्यावर बोट फिरवलं. दगड कोरडा होऊ लागला होता. त्यांनी आणखी चार थेंब टाकले. मग आणखी चार. थेंब सांभाळताना त्यांना घाम फुटला. एसटी खाली अकराला येई, आणि वाटी निम्म्यावर आली होती.

शैलाताई बाराच्या सुमाराला दिसल्या. निळा स्वेटर, हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. चढणीवर त्या दोनदा बसल्या, अगदी जयवंतरावांना वाटलं होतं त्या दोन जागी. त्यांना धावत जाऊन डबा घ्यावासा वाटला. पण आज दार आडवं होऊन बाहेर पडण्याइतकंही नव्हतं. चेहरा आणि एक हात, एवढंच त्यातून जात होतं.

"अहो?"

"इथं आहे मी."

शैलाताई जवळ येऊन वाकल्या आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"एवढीशीच?"

"मोठी होती."

"काय हे! दाढी केवढी वाढलीय. आणि गोधडी कुठाय?"

शैलाताईंनी पुढं विचारलं नाही. डब्याचं झाकण काढलं, एक मोठा तिळाचा लाडू उचलला, आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत, घेता का वगैरे न विचारता, दाराच्या फटीतून त्यांच्या तोंडात घातला. नेमकं तेव्हाच ऊन जयवंतरावांच्या छातीवर आलं.

"शैला हवी का?" आढ्यातून आवाज आला.

'नको' घशातून निघालं. सवयीप्रमाणं वर आलं, आणि तोंडातल्या लाडवाला येऊन अडलं. शैलाताईंचा चिक्कीचा गूळ दाताला धरणारा. जयवंतराव चावत राहिले. चावता चावता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. 'नको' गुळाबरोबर हळूहळू विरघळलं, आणि त्यांनी ते गिळून टाकलं. मग त्यांनी जीभ दातांवरून फिरवली, आणि तोंडात दुसरं काही राहिलं नाही याची खात्री करून घेतली.

"हवी," ते म्हणाले.

आढ्यातून थोडी माती पडली. समोरची भिंत, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, बोटभर मागं सरली. जयवंतरावांचे गुडघे तेवढे मोकळे झाले. त्यांनी बाहेर शैलाताईंकडे पाहिलं, आणि लग्नातही हसले नसतील तसे ते हसले.

मग आवाज पुन्हा आला. या वेळी तो आत नव्हता. तो बाहेर आला होता, त्याच शांतपणानं, त्याच अदबीनं.

"जयवंत हवेत का?"

शैलाताईंनी मागं वळून पाहिलं. मागं सडा होता, वाळकं गवत होतं, दुसरं कुणी नव्हतं.

"मला विचारताय?" त्या म्हणाल्या.

शैलाताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांनी पदर सारखा केला, डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. त्यांना असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. चौतीस वर्षं दुसऱ्याचं 'नको' ऐकून ऐकून त्यांना तोच एक शब्द पाठ झाला होता.

"नको," शैलाताई म्हणाल्या. "कशाला उगीच? त्यांना इथं बरं वाटतंय. मी आपली बघून जाणार होते. माझं काय, भागतं माझं."

आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. गेल्या नाहीत. डब्याकडं बघत, मान वर न करता, त्या थांबून राहिल्या. जयवंतरावांना ते थांबणं ओळखता आलं. त्यांनी स्वतः ते जन्मभर केलं होतं. पण त्या थांबलेल्या माणसाला बाहेरून पाहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

आता खोप पुन्हा विचारणार नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागं सरलेली भिंत परत गुडघ्यांना टेकली होती. दाराची फट वाटीएवढी झाली. उंबऱ्यावर एक थेंब ओला होता, आणि त्याच्या कडा आत येत चालल्या होत्या.

"शैला," जयवंतराव म्हणाले, "राहा."

"नको हो."

"राहा गं. थोडा वेळ तरी."

"नको. तुम्हाला उगीच त्रास," शैलाताई म्हणाल्या, आणि हातातल्या उघड्या डब्यावर त्यांनी आडवा हात धरला.

जयवंतरावांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्यांदा विचारायचं नसतं, हे त्यांना शैलाताईंनीच शिकवलं होतं. त्यांनी ठकूबाईंची वाटी चाचपून उचलली. तिच्या तळाशी दोन बोटं ऐतवार उरला होता. हात फटीतून खांद्यापर्यंत बाहेर काढून त्यांनी वाटी डब्यावर नेली आणि हळूच कलती केली. शैलाताईंनी हात काढला नाही. बोटं मात्र थोडी विलगली, आणि वाटीच्या काठावरून ऐतवाराची कोमट धार त्या बोटांच्या फटीवर उतरली.